बादामी एका दिवसात: दोन डोंगर, चार लेणी आणि चालुक्यांची देवळं

उत्तर कर्नाटकातली बादामी, पट्टदकल आणि ऐहोळे ही तिन्ही गावं एका दिवसात 'करून' परतणारे पुष्कळ आहेत. गाडीनं ते जमतंही. बादामीहून पट्टदकल 22 किलोमीटर आणि तिथून पुढे ऐहोळे साधारण 14. पण अशा दिवसात बहुतेक वेळ गाडीत चढण्या-उतरण्यात आणि तिकिटाच्या रांगेत जातो. हातात एकच दिवस असेल तर माझं सांगणं स्पष्ट आहे: ऐहोळे सोडा आणि बादामीचे दोन्ही डोंगर चढा. दक्षिणेच्या डोंगरात लेणी आहेत, उत्तरेच्या डोंगरावर किल्ला आणि शिवालयं आहेत, मधे तळं आहे. यातला एक डोंगर सोडला की बादामी अर्धीच कळते. आणि नेमका उत्तरेचाच डोंगर बहुतेक लोक सोडतात.

सहाव्या ते आठव्या शतकातली चालुक्यांची ही राजधानी, म्हणजे जुनी वातापी. पहिल्या पुलकेशीनं इथल्या कड्यावर किल्ला बांधल्याचा लेख शके 465 चा, म्हणजे इ.स. 543 चा आहे. पंचांगात आपण आजही जो शक मोजतो त्याच शकात तो लिहिलेला आहे. खाली सांगितलेला क्रम पाळलात तर सहाव्या शतकातल्या कोरीव लेण्यांपासून सातव्या शतकातल्या बांधीव देवळांकडे आणि तिथून आठव्या शतकातल्या पट्टदकलकडे दिवस आपोआप सरकतो. देवळाची घडण कशी बदलत गेली हे वेगळं वाचावं लागत नाही, पायांखालीच कळत जातं.

निघण्याआधी

मुक्काम आदल्या रात्रीच बादामीत करा. सोलापूर-विजयपूर-बागलकोट-गदग या रेल्वेमार्गावर बादामी स्टेशन आहे. स्टेशनापासून गाव सुमारे 5 किलोमीटर, रिक्षा मिळतात. कोल्हापूर-सांगलीकडून गाडीनं येणारे बेळगाव किंवा गोकाकमार्गे येतात. पहाटे हुबळीहून किंवा सोलापूरहून निघून त्याच दिवशी सगळं पाहू असा बेत केलात तर लेण्यांच्या पायथ्याशी पोचेपर्यंतच अंगातलं त्राण जातं.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा इथला खरा हंगाम. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि दगड तव्यासारखा तापतो. त्या दिवसांत लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन डोंगर चढायला जाऊ नका. पावसाळ्यात तळं भरतं, कड्यांवरून पाणी कोसळतं आणि देखावा अप्रतिम असतो, पण वालुकाश्मावरच्या झिजलेल्या पायऱ्या निसरड्या होतात.

शुक्रवार टाळता आला तर टाळा. पुरातत्त्व खात्याचं तळ्याकाठचं संग्रहालय त्या दिवशी बंद असतं. पौषात शाकंभरीच्या नवरात्रापासून बनशंकरीची मोठी जत्रा भरते. देवीसाठी येणार असाल तर त्याच वेळी या. शांतपणे लेणी पाहायची असतील तर मात्र त्या आठवड्यात खोलीही मिळणार नाही.

दिवसभरासाठी रिक्षा किंवा गाडी आदल्या संध्याकाळीच ठरवा. ठरवताना बनशंकरी, महाकूट, पट्टदकल आणि परत तळ्याकाठी, अशी ठिकाणं नावानिशी सांगा. 'सगळं फिरवतो' असं मोघम ठरलं की महाकूट हमखास गळतं. लेण्यांचं दार किती वाजता उघडतं तेही तेव्हाच विचारून ठेवा. साधारण सकाळी 9 धरून चालायला हरकत नाही. लेणी आणि पट्टदकल दोन्हीकडे तिकीट आहे, 15 वर्षांखालच्या मुलांना लागत नाही.

पिशवीत माणशी दोन लिटर पाणी, टोपी, छोटी बॅटरी आणि जाडसर सुती मोजे. मोज्यांचं महत्त्व दुपारी कळेल. पूजा चालते त्या देवळात चपला काढाव्या लागतात, आणि तापलेल्या फरशीवर अनवाणी माणूस मूर्ती पाहत नाही, सावली शोधतो. बूट चांगल्या पकडीचे असावेत. हा दगड सह्याद्रीच्या काळ्या कातळासारखा नाही, त्याची बारीक रेती सुटत असते आणि उतरताना त्या रेतीवरच पाय सरकतो.

सकाळी 6:30: बनशंकरी

गावापासून 5 किलोमीटरवर बनशंकरीचं देऊळ आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांची ही कुलदेवता, त्यामुळे रांगेत मराठी कानावर पडतंच. सिंहावर बसलेली अष्टभुजा देवी काळ्या पाषाणात आहे. आजची इमारत अठराव्या शतकातली असली तरी देवीचं ठाणं खूप जुनं आहे. देवळासमोर हरिद्रातीर्थ नावाचं मोठं चौकोनी तळं आहे, त्याच्या काठच्या दगडी ओवऱ्यांतून सकाळी जरूर एक फेरी मारा.

ओटीचं सामान दारातच मिळतं. घरून खण न्यायचा असेल तर लक्षात असू द्या, गुळेदगुडचा खण विणला जातो ते गाव याच टापूत आहे, बादामीच्या दुकानांतही तो मिळतो.

इथे टोपल्या घेऊन बसलेल्या बायका ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, उसळ आणि घट्ट दही विकतात. कडक भाकरी बांधून घ्या, दिवसभर टिकते. फक्त ती पिशवीच्या तळाशी ठेवा. पुढच्या ठिकाणी माकडं आहेत.

सकाळी 9: लेणी

दार उघडताच आत जा. तासाभरात शाळांच्या सहली येतात आणि मग लहानशा ओसरीत पाय ठेवायला जागा उरत नाही. खाण्याचं काहीही हातात नको, प्लास्टिकची पिशवी तर मुळीच नको. इथली माकडं पिशवीच्या आवाजावर येतात. चष्मा आणि मोबाइल सांभाळा, त्यांच्याकडे रोखून पाहू नका, आणि एखादीनं वस्तू ओढलीच तर झटापट न करता सोडून द्या.

चार लेणी पायऱ्यांनी एकावर एक चढत जातात. चढ दमवणारा नाही, दर टप्प्यावर एक लेणं थांबवतंच. त्यांची तोंडं उत्तरेकडे आहेत, त्यामुळे सकाळी आत थेट ऊन येत नाही. फोटो काढणाऱ्यांना ते आवडणार नाही, पण शिल्प निरखायला हाच प्रकाश बरा.

पहिलं लेणं शैव. आत शिरण्याआधी उजव्या हाताला बाहेरच्या कड्यावर अठरा हातांचा नटराज आहे. माणसाच्या उंचीएवढाच, म्हणून त्याच्यासमोर निवांत उभं राहता येतं. सगळे हात एकदम पाहू नका. एका बाजूचे हात खालून वर मोजत जा, मग दुसऱ्या बाजूचे. अठरा हातांत एकच देह हलतोय असा भास मग होतो. बाजूला गणपती आहे आणि वाद्य वाजवणारी आकृती आहे. डाव्या बाजूच्या द्वारपालाच्या खाली पाहा: एकच डोकं बैलाचंही आहे आणि हत्तीचंही. हातानं एक धड झाकलं की नंदी दिसतो, दुसरं झाकलं की हत्ती. मुलं बरोबर असतील तर हे आधी सांगू नका, त्यांनाच शोधू द्या. ओसरीत अर्धनारीश्वर आणि हरिहर समोरासमोर आहेत.

दुसरं लेणं वैष्णव आणि लहान. त्रिविक्रम आणि वराह नीट पाहा, पण वेळ वाचवायचा असेल तर तो इथे वाचवा.

तिसऱ्यासाठी निम्मा वेळ राखून ठेवा. हे चारांतलं सर्वांत मोठं लेणं, ओसरीच वीसेक मीटर रुंद. मंगलेशाचा लेख इथेच आहे, शके 500, कार्तिकी पौर्णिमा, म्हणजे इ.स. 578. चालुक्य राजा कीर्तिवर्म्याच्या राजवटीत त्याच्या या धाकट्या भावानं विष्णूचं हे घर कोरवलं. कोरीव लेण्यांत इतकी नेमकी तिथी क्वचित सापडते. कार्ले-भाजे पाहिलेल्या मराठी माणसाला हे लेणं ओळखीचं वाटेल आणि वेगळंही. स्तूप नाही, भिक्षूंच्या कोठड्या नाहीत, खांबांमागे मंडप आणि त्यामागे छोटं गर्भगृह. म्हणजे हे डोंगरात खोदलेलं देऊळ आहे, विहार नाही.

ओसरीच्या डाव्या टोकाला शेषाच्या वेटोळ्यांवर बसलेला विष्णू आहे. शेषशायी आपण नेहमी पाहतो, असा ऐटीत बसलेला क्वचित दिसतो. नरसिंह हिरण्यकशिपूला फाडत नाही, नुसता उभा आहे, आणि तसा तो जास्त दरारा घालतो. मग मान वर करा. खांब आणि छत यांच्यामध्ये तिरप्या बसवल्यासारख्या जोडप्यांच्या आकृत्या आहेत. झाडाखाली रेललेली, एकमेकांना सावरणारी. लाकडात काम करणाऱ्या सुताराचा हात तिथे दगडात उतरलेला दिसतो. छताच्या कडेला रंगाचे फिकट डाग आहेत, ते ओल नाही, चित्रांचे अवशेष आहेत. ते पाहायला बॅटरी लागते. फ्लॅश मात्र मारू नका.

चौथं जैन लेणं शेवटचं आणि सर्वांत लहान. बाहुबलीच्या पायांवरून चढलेल्या वेली आणि पार्श्वनाथाच्या डोक्यावरचा नागफणा पाहून ओसरीच्या कठड्याशी या. तळं, पलीकडचा डोंगर आणि तळ्याच्या पूर्व टोकाला भूतनाथाचं देऊळ, दिवसाचा उरलेला नकाशा इथून समोर पसरलेला दिसतो. लेण्यांच्या वाटेवर दक्षिण किल्ल्याकडे जाणारं कुलूपबंद दार लागेल. तो जिना अतिशय उभा आणि धोक्याचा आहे, कुणी 'जाऊ या' म्हटलं तरी जाऊ नका.

सकाळी 10:45: उत्तरेचा डोंगर

लेणी उतरून तळ्याच्या कडेनं, गावाच्या बोळांतून संग्रहालयापाशी या. चालत पंधरा मिनिटं. आधी संग्रहालयात अर्धा तास द्या. तिथली लज्जागौरीची मूर्ती पाहण्यासारखी आहे: डोक्याच्या जागी कमळ, मांडी फाकवून बसलेली मातृदेवता. तेवढ्यात पायांनाही विसावा मिळतो.

चढाची वाट संग्रहालयाच्या शेजारूनच सुरू होते आणि दोन उंच लाल कड्यांच्या मधल्या अरुंद घळीतून वर जाते. बादामीतली माझ्या मते ही सर्वांत सुंदर वाट आहे. वर आकाशाची चिंचोळी पट्टी, दोन्ही बाजूंना चाळीस-पन्नास फूट उभा दगड, आणि ऐन उन्हातही थंडावा. कड्यावर हात ठेवून पाहा. वाळूचे थर एकावर एक साचून हा दगड झाला, ते थर रेघारेघांनी स्पष्ट दिसतात. दगड मऊ, म्हणून छिन्नी सहज चालली, आणि म्हणूनच बाहेरची शिल्पं इतकी झिजली.

पायऱ्या काही ठिकाणी गुडघाभर उंच आहेत. गुडघेदुखी असणाऱ्यांनी पहिल्या मंडपापर्यंत जाऊन थांबलं तरी घळ पाहिल्याचं समाधान मिळतं. पुढे वाट फुटते. आधी खालचं शिवालय करा, मग टेहळणी बुरूज आणि धान्याची गोल कोठारं, शेवटी अगदी माथ्यावरचं वरचं शिवालय. सातव्या शतकातलं हे देऊळ डोंगर फोडून नाही, दगडावर दगड रचून उभं आहे. आत्ताच पाहिलेल्या लेण्यांनंतर हा फरक डोळ्यांत भरतो. भिंतींवर कृष्णकथेतले आणि रामायणातले प्रसंग आहेत, गोवर्धन उचललेला कृष्ण शोधा.

किल्ल्यावरची तोफ टिपूच्या काळाची आठवण देते. 1786 साली मराठे आणि निजाम यांच्या फौजांनी हा किल्ला टिपूकडून घेतला. त्याच्या कितीतरी आधी, 642 मध्ये, पल्लव नरसिंहवर्म्यानं वातापी जिंकून जाळपोळ केली होती. माथ्यावरून चारही बाजूंचं मैदान दिसतं, तेव्हा या जागेसाठी इतके जण का झगडले ते सांगावं लागत नाही. कड्याला बहुतेक ठिकाणी कठडा नाही. फोटोसाठी मागे सरकू नका, मुलांचा हात सोडू नका.

मालेगित्ती शिवालय हे याच डोंगराच्या पश्चिमेला एका सुट्या खडकावर आहे, त्याची वाट वेगळी आणि छोटी. अंगात जोर उरला असेल तर उतरल्यावर वीस मिनिटांत होतं. चालुक्यांच्या बांधीव देवळांपैकी सर्वांत नेटकं मला हेच वाटतं.

दुपारी 12:45: जेवण

गावातल्या साध्या खाणावळीत जा. ज्वारीची रोट्टी, एण्णेगाई म्हणजे भरली वांगी, पालेभाजी, शेंगाचटणी, मोसरू म्हणजे दही. सोलापूर-सांगलीच्या माणसाला हे घरचंच जेवण. अगस्ती ऋषींनी वातापी राक्षसाला पोटात जिरवला ती कथा याच गावची, तळ्याचं नावही अगस्त्यतीर्थ. जेवून पोटावरून हात फिरवत 'वातापी जीर्णो भव' म्हणायला याहून योग्य जागा नाही. थोडा वेळ आडवं व्हा. दुपारी 1:45 ला निघालात तरी पुरतं.

महाकूट

पट्टदकलच्या वाटेवरून थोडं आत. मोठ्या झाडांच्या सावलीत देवळांचा पुंजका आणि मधे जिवंत झऱ्याचं कुंड आहे. पाणी स्वच्छ, गार, लोक पोहतात. पोहायचं असेल तर कपडे आधीच पिशवीत टाका. कुंडातच छोटा मंडप आहे आणि त्यात पंचमुखी शिवलिंग. पाऊण तासापेक्षा जास्त रेंगाळू नका, मोह होईल.

दुपारी 3:15: पट्टदकल

मलप्रभा इथे उत्तरवाहिनी होते. चालुक्य राजांचे राज्याभिषेक या काठावर होत. 1987 पासून हे जागतिक वारसा स्थळ आहे. एकूण दहा देवळं, त्यातलं जैन देऊळ जरा लांब आहे.

आवारात शिरल्यावर पहिलं देऊळ पाहायला घाई करू नका. हिरवळीवर उभे राहून आधी फक्त शिखरं पाहा. काशीविश्वनाथ, गळगनाथ यांची शिखरं वळणदार, उत्तरेकडच्या नागर पद्धतीची. संगमेश्वर, विरूपाक्ष, मल्लिकार्जुन यांची मजल्यामजल्यांनी चढणारी, द्राविड पद्धतीची. दोन्ही पद्धती एकाच आवारात, एकाच राजघराण्यानं, शेजारी शेजारी बांधल्या. हे एकदा डोळ्यांत बसलं की पुढे कुठल्याही देवळापुढे उभे राहिलात तरी आधी शिखराकडे नजर जाते.

मग थेट विरूपाक्ष. दुसऱ्या विक्रमादित्यानं कांचीच्या पल्लवांवर विजय मिळवला, त्याच्या स्मरणार्थ राणी लोकमहादेवीनं ते आठव्या शतकाच्या मध्याला बांधवलं. शेजारचं मल्लिकार्जुन त्रैलोक्यमहादेवी या दुसऱ्या राणीचं. शंभर वर्षांपूर्वी पल्लवांनी वातापी जाळली होती, आणि आता चालुक्यांच्या राण्या विजयाची देवळं उभारत होत्या. सकाळी माथ्यावरून पाहिलेल्या त्या मैदानाची गोष्ट इथे पुरी होते.

विरूपाक्षात आजही पूजा चालते, चपला बाहेर. मोजे इथे घाला. समोरच्या मंडपातला काळा नंदी पाहून आत जा आणि दोन-तीनच खांब निवडा. रामायण-महाभारतातल्या कथा त्यांवर पट्टीपट्टीनं कोरल्या आहेत. भिंतींवर कैलास हलवणारा रावण शोधा. वेरूळचा कैलास पाहिलेला असेल तर इथे चालताना सारखं ओळखीचं काहीतरी खुणावत राहील: नंदीमंडप, शिखराची ठेवण, देवळाची मांडणी. चालुक्यांना हटवून राष्ट्रकूट आले आणि कैलास त्यांच्या पहिल्या कृष्णाच्या काळातला. अभ्यासक वेरूळच्या कैलासाचं नातं विरूपाक्षाशी जोडतात. महाराष्ट्रातून इथे येण्याचं हे एकच कारण मला पुरेसं वाटतं.

पापनाथ जरा बाजूला, नदीच्या अंगाला आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर रामायणाचे प्रसंग नावांसकट कोरलेले आहेत. वेळ असेल तरच जा, कारण 4:45 ला निघायलाच हवं.

संध्याकाळी: भूतनाथ

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, फेब्रुवारीत साडेसहाच्या आसपास. त्याआधी अर्धा तास तळ्याच्या पूर्व टोकाला पोचा. गाडी संग्रहालयापाशी सोडून पाचेक मिनिटं चालावं लागतं. भूतनाथाचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे मावळतीचं ऊन थेट देवळावर आणि मागच्या लाल कड्यावर पडतं. देवळामागच्या खडकांत फिरा, एका कपारीत शेषशायी विष्णू कोरलेला आहे. अंधार पडायच्या आत परत फिरा, तळ्याकाठच्या वाटेवर दिवे बेताचेच आहेत.

दुसरा अर्धा दिवस मिळाला तर

तेव्हा ऐहोळे, आणि तेही सकाळी लवकर. शंभराहून जास्त देवळांच्या त्या गावात तीन जागा धरा. मागची बाजू अर्धगोल असलेलं दुर्ग देऊळ (हे देवीचं नाही, शेजारच्या दुर्गामुळे नाव पडलं), रावणफडी लेणं आणि टेकडीवरचं मेगुती. मेगुतीला आधी चढा, ऊन तापण्याआधी. चढ छोटा, मधे एक दुमजली बौद्ध विहार लागतो. माथ्यावरच्या या जैन देवळाच्या पूर्वेकडच्या बाहेरच्या भिंतीवर कवी रविकीर्तीची प्रशस्ती आहे, शके 556, म्हणजे इ.स. 634. दुसऱ्या पुलकेशीनं हर्षाला हरवल्याचं ती सांगते, कालिदास आणि भारवी यांची नावं घेते, आणि नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचं स्वामित्व त्यानं मिळवल्याचंही नोंदवते. अक्षरं वाचता येत नसली तरी त्या भिंतीसमोर जरा वेळ थांबा.

सोलापूरकडे परतणाऱ्यांना तिथून कूडलसंगम फार आडवाटेला नाही. कृष्णा आणि मलप्रभेच्या संगमावर बसवेश्वरांची समाधी आहे. दुपारचं जेवण तिथल्या दासोहात, म्हणजे अन्नछत्रात, करून संध्याकाळपर्यंत विजयपूर गाठता येतं.